एकच पोटरी दुखते तेव्हा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पोटरी दुखायला लागली की आपल्याकडे उपाय आधी येतो आणि चौकशी नंतर. कुणी तेल गरम करतं, कुणी नातवाला पाय तुडवून द्यायला बोलावतं, कुणी झोपताना पोटरीला ओढणी घट्ट बांधतं. दिवसभराच्या चालण्याने किंवा उभं राहण्याने दोन्ही पाय भरून आले असतील, तर यात वावगं काही नाही. आषाढी वारीत मजल दरमजल करत आलेल्या वारकऱ्यांचे पाय मुक्कामाच्या गावी प्रेमाने चेपून दिले जातात आणि त्या सेवेने खरोखर आराम पडतो.

दुखणं एकाच पोटरीत असेल तर मात्र प्रश्न वेगळा होतो. दोन्ही पाय सारखेच राबले, मग तक्रार एकाचीच का? साऱ्या शरीराला व्यापणारं कारण सहसा दोन्ही पायांत जाणवतं. एकाच पायात दुखतं तेव्हा कारण बहुधा त्याच पायात असतं, नाहीतर त्या पायाकडे येणाऱ्या वाटेवर.

या वाटा कोणत्या, ते आधी पाहू. पोटरीत गॅस्ट्रॉक्नेमियस आणि सोलियस हे दोन मोठे स्नायू असतात. ते खाली एकत्र येऊन अकिलीस या जाड कंडरेने टाचेच्या हाडाला जोडलेले असतात. स्नायूंच्या आत खोलवर रक्त वर हृदयाकडे नेणाऱ्या शिरा असतात. गुडघ्यामागच्या लवणीतून रक्त आणणारी धमनी खाली येते आणि कमरेच्या मणक्यांतून निघालेली नस थेट पावलापर्यंत पोहोचते. त्वचा आणि तिच्याखालचा थर वेगळा. यांतल्या कशानेही पोटरी दुखू शकते. बहुतेक वेळा कारण स्नायूचंच असतं आणि ते आपोआप बरं होतं. पण काही कारणं जिवावर किंवा पायावर बेततात, आणि नेमकी त्यांच्याच बाबतीत घरोघरी चुकीच्या समजुती आहेत.

गैरसमज १: पोटरी दुखते म्हणजे कॅल्शियम किंवा जीवनसत्त्व कमी पडलंय.

वस्तुस्थिती: ड जीवनसत्त्वाची कमतरता उजवा-डावा पाय निवडत नाही. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी स्नायू दुखले तर ते बहुधा दोन्ही बाजूंचे दुखतात. मधुमेहामुळे नसांवर परिणाम झाला तर मुंग्या आणि जळजळ दोन्ही तळव्यांपासून सुरू होऊन वर चढते. त्यामुळे एकाच पोटरीचं दुखणं आठवडाभर टिकून असताना महिनाभराच्या कॅल्शियमच्या गोळ्या आणणं म्हणजे खरं कारण शोधायला उशीर करणं.

एका पायाच्या या नियमाला एक अपवाद आहे, रात्री येणाऱ्या गोळ्याचा. झोपेत एकाएकी पोटरी दगडासारखी कडक होते, जीव कासावीस होतो आणि काही सेकंदांत किंवा मिनिटांत गोळा सुटतो. तो एका वेळी एकाच पायात येतो. आज उजव्या, तर चार दिवसांनी डाव्या. दुसऱ्या दिवशी पोटरी ठणकतही राहते. अशा वेळी गुडघा सरळ ठेवून चवडा आपल्याकडे ओढावा, गोळा उतरतो. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम नेमाने केला तर वयस्कांना गोळे कमी येतात. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा भरवसा मात्र फार धरू नये; २०२० साली कॉक्रेन संस्थेने सगळ्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा वयस्कांच्या गोळ्यांवर त्यांचा म्हणावा असा उपयोग दिसला नाही. पूर्वी यासाठी क्विनाइन दिलं जाई. रक्तातले बिंबाणू (प्लेटलेट) घटण्यासारखे त्याचे गंभीर दुष्परिणाम पाहून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पायात येणाऱ्या गोळ्यांसाठी ते वापरू नये असा इशारा दिला आहे.

उलट, दोन्ही पोटऱ्या दुखतात म्हणून निर्धास्तही राहू नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून किंवा भातखाचरातून चालल्यावर काही दिवसांनी जोराचा ताप आला आणि पोटऱ्यांना हात लावू देववेना, तर लेप्टोस्पायरोसिसचा संशय आधी घ्यावा लागतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने या आजाराची मोठी साथ अनुभवली, आणि कोकणाला तो नवा नाही. अशा तापात घरगुती काढ्यावर दोन दिवस काढू नयेत.

गैरसमज २: चेपून, तुडवून, तेल लावून रगडलं की कुठलीही पोटरी मोकळी होते.

वस्तुस्थिती: सगळ्यात धोक्याची समजूत हीच. पोटरीतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर दुखणं थेट स्नायू धरल्यासारखंच वाटतं. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, शिरा दाबतात आणि रक्त वर ढकलतात. हे ढकलणं थांबलं, शिरेच्या अस्तराला इजा झाली किंवा रक्ताचा गोठण्याकडे कल वाढला, की गुठळी धरायला वाव मिळतो. ही तीन कारणं जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ओळखली जातात. १८५६ च्या सुमारास त्यांनी पायातल्या शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात जाते हे दाखवून दिलं.

धोका याच सुटण्यात आहे. ताज्या गुठळीचा तुकडा निसटला की तो मांडीतून, पोटातल्या मोठ्या शिरेतून हृदयात आणि तिथून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो. एकाएकी धाप लागते, श्वास घेताना छातीत कळ येते, कधी खोकल्यातून रक्त पडतं, कधी माणूस चक्कर येऊन कोसळतो. दिल्लीच्या एम्समधील न्यायवैद्यक डॉक्टरांनी काही वर्षांपूर्वी असं एक प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं. खेळताना घोट्याला दुखापत झाली म्हणून एका तरुणाचा पाय प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघाल्यावरही पाय दुखत आणि सुजलेला राहिला, म्हणून घरी मायेने तेल लावून रगडला गेला, आणि गुठळी फुप्फुसात जाऊन तो गेला.

मालिशने दर वेळी असं होत नाही. पण पाय एकच दुखत असेल, तो दुसऱ्यापेक्षा जाड दिसत असेल आणि कारण कळत नसेल, तर तपासणी होईपर्यंत त्याला रगडू नये, तुडवू नये, घट्ट बांधू नये. हा एक नियम प्रत्येक घराने पाळला तरी काही जीव नक्की वाचतील.

गैरसमज ३: गुठळी असती तर पाय सुजून लालबुंद झाला असता.

वस्तुस्थिती: सूज, ऊब, रंगात फरक आणि दाबल्यावर दुखणं ही लक्षणं असतात, पण चारही एकत्र दिसतीलच असं नाही. काहींना पोटरीत नुसती ओढ जाणवते. काहींच्या बाबतीत पायाची तक्रार कधी होतच नाही आणि पहिलं लक्षण धाप लागणं हेच असतं. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसतही नाही. रंगापेक्षा हाताला लागणारी ऊब आणि चकाकणारी, ताणलेली त्वचा जास्त सांगून जाते.

चवडा वर ओढल्यावर पोटरी दुखली तर गुठळी, नाही दुखली तर काही नाही, ही परीक्षाही बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. बॉस्टनचे शल्यविशारद जॉन होमन्स यांच्या नावाने ती ओळखली जाते. नुसत्या स्नायूच्या दुखण्यातही ती ‘हो’ म्हणते आणि गुठळी असलेल्या अनेकांमध्ये ‘नाही’ म्हणते. तिच्यावर निर्णय सोपवू नये.

घरात शिवणकामाची टेप असेल तर दुसरी, अधिक उपयोगाची गोष्ट करता येते. गुडघ्याखाली नडगीच्या वरच्या टोकाला हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. दुखऱ्या बाजूचा घेर ३ सेंटिमीटरहून जास्त भरला, तर डॉक्टर जी गुणांची यादी वापरतात तिच्यातला एक गुण तुमच्या नावावर जमा झाला. तेवढ्यावर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. फरक कमी भरला तरी बाकीची लक्षणं असतील तर टेपवर विसंबून घरी थांबू नये.

गैरसमज ४: गुठळी म्हाताऱ्यांना होते, नाहीतर विमानाने जाणाऱ्यांना.

वस्तुस्थिती: वयाबरोबर धोका वाढतो हे खरं, पण तरुणही त्यातून सुटत नाहीत. नुकती मोठी शस्त्रक्रिया झालेले, पायाला प्लास्टर असलेले, दिवसेंदिवस अंथरुणाला खिळलेले, कर्करोगावर उपचार घेणारे, पूर्वी एकदा गुठळी झालेले किंवा घरात कुणाला लहान वयात झालेली असे सगळे या धोक्याच्या कक्षेत येतात.

यात सर्वांत दुर्लक्षित आहे ती बाळंतीण. गरोदरपणात रक्त गोठण्याची ताकद निसर्गतःच वाढते, म्हणजे बाळंतपणात रक्तस्राव आटोक्यात राहावा. ती ताकद लगेच ओसरत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत गुठळीचा धोका गरोदरपणापेक्षाही जास्त असतो, आणि सिझेरियन झालं असेल तर आणखी. आपल्याकडे नेमक्या याच सव्वा महिन्यात तिला बाजेवरून फारसं उठू देत नाहीत, पाणी बेताने देतात आणि रोज अंग रगडायला बाई येते. बाळंतिणीला विश्रांती हवीच. पण तिने पहिल्या दिवसांपासून घरात हिंडतं-फिरतं राहावं, पाणी भरपूर प्यावं. तिचा एक पाय दुखू किंवा सुजू लागला तर मालिश तिथेच थांबवून तिला डॉक्टरांकडे न्यावं. गरोदर स्त्रियांमध्ये ही गुठळी बहुतेक वेळा डाव्या पायात होते, कारण डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर ओटीपोटात उजवीकडे जाणाऱ्या धमनीखाली दबते.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे गोळ्या. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी धोका वाढतो. सण, पूजा, लग्नकार्य आलं की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून आणून घेतल्या जातात. त्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं आणि मोठ्या मात्रेत त्याचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनच्याच एका प्रकारात बदलतो. निरोगी तरुणीला चार दिवसांच्या गोळीने भ्यायचं कारण नाही. पण वजन फार असेल, आधी गुठळी झाली असेल, घराण्यात तो इतिहास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये. कुठल्याही देवाला आपल्या लेकीबाळींनी असा धोका पत्करलेला नको आहे.

राहिला प्रवास. होमन्स यांनीच १९५४ साली लांब बैठकीमुळे झालेल्या गुठळ्यांवर लिहिलं, तेव्हा विमानाबरोबर मोटार आणि नाटकगृहातली खुर्चीही त्यांनी मोजली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अभ्यासात चार तासांहून लांबच्या प्रवासाने धोका साधारण दुप्पट होतो असं दिसलं. तरीही निरोगी माणसाच्या बाबतीत तो सहा हजारांत एक इतकाच होता. म्हणून मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांनी घाबरू नये, पण तासा-दोन तासांनी उठून फेरी मारावी, बसल्या जागी चवडे वर-खाली करावेत. रात्रभराच्या खासगी बसमध्ये पाय दुमडून बसणाऱ्यालाही हेच लागू आहे.

गैरसमज ५: डी-डायमर वाढला म्हणजे गुठळी आहेच. मग ॲस्पिरिन घ्यायची आणि अंथरुणातून हलायचं नाही.

वस्तुस्थिती: करोनाच्या काळात डी-डायमर हा शब्द घराघरांत पोहोचला, अर्थ मात्र अर्धाच पोहोचला. ही तपासणी गुठळी नाही हे सांगायला चांगली. आहे हे सांगायला अपुरी. धोका मुळात कमी आहे असं डॉक्टरांचं मत असेल आणि आकडाही कमी आला, तर गुठळी जवळपास बाद होते. आकडा वाढायला मात्र गरोदरपण, जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, नुसतं वय यांतलं काहीही पुरतं. खरं उत्तर पायाच्या डॉपलर सोनोग्राफीने मिळतं. तिला सुई लागत नाही की क्ष-किरण. पहिली सोनोग्राफी स्वच्छ आली आणि संशय कायम राहिला, तर साधारण आठवड्याने ती पुन्हा करायला सांगतात. पोटरीतली लहान गुठळी तेवढ्या दिवसांत मांडीकडे वाढलेली असू शकते, म्हणून ती चुकवू नये.

ताज्या गुठळीवर ॲस्पिरिन हा उपचार नाही. हेपरिन, वॉरफॅरिन किंवा त्यांच्यानंतर आलेल्या रिव्हारॉक्सॅबान, ॲपिक्सॅबानसारख्या गोळ्या लागतात, आणि त्या बहुधा किमान तीन महिने घ्याव्या लागतात. त्या गुठळी विरघळवत नाहीत, ती वाढू देत नाहीत. विरघळवण्याचं काम शरीर हळूहळू करतं. म्हणूनच पाय उतरला, दुखायचं थांबलं, म्हणून मध्येच औषध बंद करणं घातक ठरतं. औषध सुरू झालं आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की चालणंच चांगलं. आठवडेच्या आठवडे पलंगावर ठेवण्याचे दिवस गेले.

गैरसमज ६: चालताना पोटरी धरते आणि थांबलं की सुटते, हे वयाचं आहे.

वस्तुस्थिती: हे पायाच्या धमनीचं दुखणं असू शकतं. ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळून येते, उभ्या उभ्या दोन-पाच मिनिटं थांबलं की सुटते, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा धरते. चढावर हे अंतर कमी होतं. धमनी अरुंद झाली की चालणाऱ्या स्नायूला वाढीव रक्त पुरत नाही, आणि पोटरी ते आधी सांगते. माणूस नकळत देवळाच्या ओट्यावर, दुकानाच्या पायरीवर थांबत थांबत जायला शिकतो आणि घरच्यांना वाटतं, वय झालं.

याची पहिली तपासणी फार साधी आहे. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर पायाच्या धमनीत अडथळा आहे. मधुमेहात धमन्या टणक होतात, तेव्हा हा आकडा फसवा, म्हणजे १.४ च्याही वर येऊ शकतो. मग वेगळी तपासणी लागते. ज्याच्या पायाच्या धमन्या अरुंद झाल्या, त्याच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही बहुधा सुरक्षित नसतात. अशा वेळी पोटरीचं दुखणं ही हृदयविकाराच्या आधी मिळालेली सूचना असते, आणि ती वाया घालवू नये.

उपचारांत औषधांइतकंच महत्त्व चालण्याला आहे. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा, निदान तीन महिने. यातून अनेकांचं न दुखता चालण्याचं अंतर वाढतं. मधुमेह्याने मात्र त्याआधी पाऊल तपासून घ्यावं. जखम असेल तर आधी तिचा उपचार.

गैरसमज ७: तंबाखू फुप्फुसांना आणि तोंडाला बाधते, पायाशी तिचा काय संबंध?

वस्तुस्थिती: संबंध इतका घट्ट आहे की काहींचा पाय कापावा लागतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या लिओ बर्गर यांनी १९०८ साली ज्या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, तो तंबाखू ओढणाऱ्या तरुण पुरुषांचा आजार आहे आणि भारतात बिडी ओढणाऱ्यांमध्ये तो चांगलाच माहीत आहे. पंचेचाळिशीच्या आतच हातापायांच्या लहान आणि मधल्या धमन्या सुजून बंद होऊ लागतात. आधी पावलाच्या कमानीचा भाग किंवा पोटरी चालताना दुखते, मग रात्रभर पाऊल ठणकतं, बोट काळं पडतं.

या आजारात पाय वाचवण्याचा खात्रीचा मार्ग एकच, तंबाखू पूर्ण सोडणं. दिवसाला दोनच बिड्या, नुसतीच चिमूटभर तंबाखू-चुना, दात घासायची मशेरी, यांतलं काहीही चालत नाही, कारण आजार धुमसत ठेवायला थोडी तंबाखूही पुरते. ज्याने ती वेळेवर पूर्ण टाकली, त्याचा पाय बहुतेक वेळा वाचतो. घरातल्या कर्त्या माणसाला हे स्पष्ट शब्दांत सांगायला कचरू नका.

गैरसमज ८: कंबर दुखत नाही, म्हणजे कमरेचा काही संबंध नाही.

वस्तुस्थिती: कमरेच्या तळाशी नसेचं मूळ दबलं, तर कंबर गप्प राहून पोटरीच बोलू शकते. हे दुखणं नितंबापासून मांडीच्या मागून पोटरीत आणि टाच-करंगळीकडे धावतं. खोकताना, शिंकताना, बराच वेळ बसल्यावर वाढतं. सोबत मुंग्या, बधिरपणा, चवड्यावर उभं राहताना त्या पायात बळ न वाटणं. पोटरी दाबून पाहिली तर तिथे दुखरी जागा सापडत नाही, मग तेल कुठे लावणार? यांपैकी बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय उतार पडतो. पण लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा बसायची जागा बधिर झाली, तर ती तातडीची वेळ समजावी.

वयस्कांमध्ये मणक्यांमधली पोकळी अरुंद होऊनही चालताना पोटऱ्या भरून येतात. धमनीच्या दुखण्याशी याची गल्लत होते. फरक असा: धमनीचं दुखणं नुसतं थांबल्याने जातं, मणक्याचं जायला बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. सायकल चालवताना ते बहुधा त्रास देत नाही.

गैरसमज ९: चालता येतंय, म्हणजे तुटलेलं काही नाही.

वस्तुस्थिती: बॅडमिंटन खेळताना किंवा बस पकडायला धावताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटतं आणि वळून पाहावं तर मागे कुणी नसतं. अकिलीस कंडरा तुटल्याचं वर्णन जगभरचे रुग्ण याच शब्दांत करतात. कंडरा तुटूनही माणूस लंगडत चालू शकतो, पाऊल खाली दाबू शकतो, कारण बाकीचे लहान स्नायू ते काम थोडंफार करतात. एका पायाच्या चवड्यावर मात्र उभं राहता येत नाही. डॉक्टर पालथं झोपवून पोटरी दाबतात; पाऊल हललं नाही तर कंडरा तुटली आहे. अशा दुखापती मुरगळणं समजून सोडून दिल्या जातात आणि उशिरा उपचार अवघड होतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या जुलाबासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांनी ही कंडरा कमजोर पडू शकते. साठीपुढे आणि स्टेरॉइड चालू असताना जास्त. त्यामुळे असं औषध चालू असताना टाचेमागे दुखू लागलं तर डॉक्टरांना लगेच कळवावं.

कंडरेच्या वर, पोटरीच्या आतल्या बाजूचा स्नायू फाटणं याहून नेहमीचं. चाळिशीनंतर अचानक मैदानात उतरलेल्यांना हे होतं. पहिले दोन-तीन दिवस गरम शेक आणि मालिश टाळावं, कारण त्यांनी आतला रक्तस्राव वाढतो. थंड शेक, सैलसर बांधणी आणि पाय उशीवर उंच, एवढं करावं. त्याआधी गुठळीचा संशय नाही याची खात्री हवी.

गैरसमज १०: गुडघ्याच्या आजाराचा पोटरीशी संबंध नाही.

वस्तुस्थिती: गुडघ्याच्या संधिवातात लवणीत पाण्याची गाठ येऊ शकते. लंडनचे शल्यविशारद विल्यम बेकर यांनी १८७७ साली तिचं वर्णन केलं. ती फुटली की आतलं पाणी पोटरीत उतरतं आणि पोटरी एकाएकी दुखते, सुजते, गरम होते, हुबेहूब गुठळीसारखी. यात फरक हाताने नव्हे, सोनोग्राफीनेच करावा, कारण दोन्हींचे उपचार अगदी वेगळे आहेत.

गैरसमज ११: पाय लाल झाला, तापही आला, बाहेरून लेप लावला की उतरेल.

वस्तुस्थिती: बोटांच्या बेचक्यातली चिखली किंवा टाचेची भेग एवढ्या वाटेनेही जंतू आत शिरतात. लाली तासातासाला पसरते, पाय तापतो, थंडी वाजते. लेपाने हे थांबत नाही, प्रतिजैविक लागतं. मधुमेह्याला कधी रुग्णालयातही राहावं लागतं. पेनाने लालीची कड आखून ठेवली तर ती पसरतेय का हे कळतं. विदर्भाच्या हत्तीरोगग्रस्त भागात एका पायात सूज आणि असा ताप वारंवार येत असेल, तर त्या दिशेनेही तपासणी व्हावी. सरकारी मोहिमेत दिल्या जाणाऱ्या हत्तीरोगाच्या गोळ्या चुकवू नयेत.

कधी थांबायचं नाही

एका पोटरीच्या दुखण्यासोबत धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त किंवा चक्कर आली, तर १०८ ला फोन करा. पाऊल एकाएकी थंड, फिकं, बधिर पडलं तर धमनी बंद झाली असू शकते. पाय वाचवायला साधारण सहा तासच हाताशी असतात. पायाला मार लागल्यावर किंवा प्लास्टरच्या आत दुखणं औषधालाही न जुमानता वाढत असेल आणि बोटं नुसती हलवली तरी असह्य होत असेल, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढल्याची ती खूण आहे.

एक पाय सुजलेला, दाबल्यावर दुखणारा, आणि मागच्या तीन महिन्यांत शस्त्रक्रिया, बाळंतपण, प्लास्टर, कर्करोगाचे उपचार किंवा लांबचा प्रवास झालेला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि हा सगळा इतिहास त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा. चालताना ठरावीक अंतरावर धरणारी पोटरी त्याच आठवड्यात दाखवावी. पायावरच्या फुगलेल्या निळ्या शिरा बहुधा तातडीच्या नसतात, पण त्यांतली एखादी कडक, लाल आणि दुखरी झाली तर तीही दाखवावी. खेळताना धरलेली, दिवसागणिक कमी होत जाणारी पोटरी घरी बरी होईल. दोन आठवड्यांत उतार नसेल तर तीही दाखवावी.

आपल्या घरातली माया हातांतून बोलते, पाय चेपण्यातून, तेल लावण्यातून. ती माया कमी करायला कुणी सांगत नाही. फक्त एकच पोटरी दुखत असेल तेव्हा तेलाची वाटी हातात घेण्याआधी दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहा, हात लावून पाहा, टेपने मोजा आणि विचारा: कधीपासून, कशाने वाढतं, कशाने थांबतं? आधी तपास, मग तेल, एवढा क्रम प्रत्येक घराने पाळावा.